अध्यक्षांची चप्पल

मलप्पांनी दालनाच्या दारातच चप्पल काढली. जन्म किराणा दुकानाच्या गादीवर गेलेला. गादीला चप्पल लागू द्यायची नाही, हे अंगात मुरलेलं. नगराध्यक्षाची खुर्चीही त्यांच्या लेखी गादीच.

अध्यक्षच अनवाणी म्हटल्यावर मुख्याधिकाऱ्यांनी बुटाच्या नाड्या सोडल्या. मग नगरसेवकांनी, मग हार घेऊन आलेल्या अख्ख्या गावानं चपला काढल्या. दारातून आत जायला वाट उरेना, तेव्हा शिपाई बजरंगनं सगळा ढीग पोत्यात भरून जिन्याखाली नेऊन ओतला.

पेढे संपले आणि जिन्याखाली झुंबड उडाली. हाताला लागेल ते पायात घालून जो तो पसार झाला. मागं उरला एकच करकरता जोड.

"ही माझी न्हाई," मलप्पा म्हणाले.

"असू द्या की अप्पा!" बजरंग म्हणाला. "आता सगळं गाव तुमचं हाय. नवी आणू."

"नवी कुठून आणशील? नागम्मानं आणलेली हाय ती."

प्रचारात फिरून नवऱ्याचे पाय सुजतील म्हणून नागम्मानं उदगीरहून मुद्दाम एक नंबर मोठी चप्पल आणली होती. निकाल बघायला मात्र ती राहिली नाही.

"करकर वाजती म्हणजे साहेबरावांची," बजरंग हळूच म्हणाला. हरलेले साहेबराव सकाळी हार घालायला येऊन गेले होते.

मलप्पा ती चप्पल हातात घेऊन अनवाणीच निघाले.

"अध्यक्षांचा नवस दिसतोय," चौकात कुणीतरी म्हणालं. मग आपण पायात घालून कसं चालायचं? लोकांनीही आपापल्या चपला हातात घेतल्या आणि मागं निघाले.

साहेबरावांनी खिडकीतून पाहिलं. पुढं मलप्पा, मागं गाव, आणि प्रत्येकाच्या हातात चप्पल. त्यांनी धाडकन कडी लावली.

"मलप्पा, प्रचारात बोललो त्याची माफी मागतो!"

"दार उघड!"

"आधी चपला खाली टाका!"

"अरे, माझी चप्पल तुझ्या पायात हाय!"

आतून कडी निघाली.

"तरीच म्हणलं, आज पायाला लई आराम कसा," साहेबराव पायाकडं बघत म्हणाले. "कुठं घेतली रे?"

"काढ आधी."

दुसऱ्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांनी शिक्का काढायला अध्यक्षांच्या टेबलाचा खण ओढला. आत कागदात गुंडाळलेली चप्पल होती.

"ती राहू द्या," मलप्पा म्हणाले. "शिक्का तिकडं बाहेर ठेवलाय. त्याला कोण नेतंय?"