मास्तरांच्या पोटावरची रेघ

व्यायामशाळेचे मास्तर सुट्टीनंतर हजर झाले ते कमरेत वाकून. पोटाची लोंबती कातडी कापून उरलेली ताणून शिवली की माणसाला काही दिवस ताठ उभं राहता येत नाही. हे डॉक्टरांनी मास्तरांना सांगितलं होतं, मास्तरांनी मात्र शिष्यांना सांगितलं नव्हतं. "एकांतात साधनेला चाललोय, पोट घालवूनच तोंड दाखवीन," एवढीच गर्जना करून ते गायब झाले होते.

पोट खरोखरच गेलं होतं. फक्त चालताना त्यांचं काहीतरी जमिनीवर पडलंय असं वाटत होतं.

"मास्तर, कंबर धरलीये का?" शिष्यांपैकी वकिलांनी विचारलं.

कोणीही शहाणा माणूस 'हो' म्हणून मोकळा झाला असता. पण मास्तरांचं आणि शहाणपणाचं कधी जमलंच नव्हतं. "छे! ही नवी चाल आहे," ते म्हणाले. "वाकून चाललं की पोट आत ओढलं जातं. उद्यापासून सगळ्यांनी असंच चालायचं."

आणि सगळे चालले की! चांगली शिकलीसवरलेली माणसं भर रस्त्यातून वाकून घरी जाऊ लागली. वकील तर कोर्टातही तसेच शिरले. त्यांचा एवढा नम्रपणा न्यायाधीशांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

"खरं सांगून टाका ना एकदाचं," घरी बायको म्हणाली.

"आणि शाळेला कुलूप लावू? व्यायामानं पोट जातं म्हणूनच येतात ना लोक!"

"पण तुमचं कुठं गेलं व्यायामानं?"

"माझं नाही गेलं. बँकवाल्या बाईंचं गेलं ना!"

बँकवाल्या बाई म्हणजे शाळेचं भूषण. त्यांचा सपाट पोटाचा भलामोठा फोटो भिंतीवर होता आणि खाली लिहिलं होतं, 'केवळ व्यायामाने'. तो फोटो बघूनच लोक प्रवेश घेत. तोच बघून मास्तरांनीही बाईंचा सगळा व्यायाम वर्षभर केला होता आणि पोट ढिम्म हललं नव्हतं, तेव्हा कुठं ते तोंड लपवून डॉक्टरांकडे गेले होते.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "कमरेच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत रेघ राहील. आधी लाल होईल, जरा उचललीही जाईल. घाबरू नका. वर्ष-दीड वर्षात फिकट पडेल. रेघ दबायला तिच्यावर ही पट्टी लावत जा, ऊन लागू देऊ नका आणि सध्या अंग ताणू नका."

मास्तरांनी सगळं पाळलं असतं. पण बाईंच्या फोटोशेजारी स्वतःचा फोटो लावल्याशिवाय त्यांना चैन पडेना. एका सकाळी भरल्या वर्गात ते स्टुलावर चढले आणि हात वर करून त्यांनी फोटो खिळ्याला अडकवला. सदरा वर गेला, पायजमा खाली सरकला आणि घामानं सुटलेली पट्टी थेट वकिलांच्या टकलावर पडली.

"मास्तर, हे काय?" वकिलांनी ती सोलून काढली. मग वर पाहिलं. "अन् ते लाल काय?"

"ती... चरबीची रेघ," मास्तर म्हणाले. "चरबी जिथून निघून जाते तिथं उमटते."

"आडवी?"

"चरबी आडवीच निघते!"

झालं! सगळ्यांनी सदरे वर करून आपापली पोटं तपासली. पोटं जागच्या जागी होती, रेघ कोणालाच नव्हती.

"सहा वर्षं घाम गाळतोय मी," पोस्टमन चिडले. "माझी रेघ कुठाय?"

"बाईंना विचारा," वकील म्हणाले. "खरं असेल तर त्यांना असणारच."

मास्तरांच्या पायाखालचं स्टूल लटपटलं. आता बाई नाही म्हणणार आणि शाळा बुडणार! बाईंचाही चेहरा उतरला. पण वर्गातल्या ग्रंथपाल बाईंनी त्यांना हाताला धरून कपडे बदलायच्या खोलीत नेलंच. जरा वेळानं ग्रंथपाल ओरडतच बाहेर आल्या.

"आहे! अगदी तशीच, आडवी! फक्त पांढरी आणि बारीक!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तर स्टुलावरच मटकन बसले.

वर्ग पांगल्यावर बँकवाल्या बाई हळूच जवळ आल्या. "दीड वर्ष लागतं पांढरी व्हायला. ऊन लावू नका."

"म्हणजे तुम्ही... माझा व्यायाम..."

"वर्षभर केला. तसूभर फरक नाही! शेवटी डॉक्टर गाठला. परत आले तर तुम्ही माझा फोटो लावून बसलेले. काय बोलणार मी?"

"बाई, अहो, मी तुमचा फोटो बघून केलं हे सगळं!"

दोघांनी त्या दोन फोटोंकडे पाहिलं. दोघांनाही लाज वाटली. पण फोटो कोणीच उतरवला नाही.

शाळा आता तुडुंब भरली होती. वकिलांनी मात्र ती पट्टी परत दिली नव्हती. ती घेऊन ते औषधाच्या दुकानात गेले, दुकानदाराशी बराच वेळ कुजबुजले आणि दुसऱ्याच दिवशी सुट्टीवर गेले. "एकांतात साधनेला," ते म्हणाले.

परतले तेव्हा त्यांचं पोट सपाट होतं आणि ते कमरेत वाकून चालत होते.

"ही चाल चांगलीय हं, मास्तर," जमिनीकडे बघत ते म्हणाले.

मास्तरांनी हातोडी आणली आणि भिंतीत तिसरा खिळा ठोकला.