मधूभाऊंच्या कच्च्या कॅसेटी

आमच्या तांदळाच्या पिंपात तळाशी सहा लग्नं आणि एक बारसं आहे. ती मधूभाऊंनी ठेवली आहेत. तांदूळ काढताना त्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीची गाठ सुटू द्यायची नाही, एवढंच माझ्याकडे काम.

मधूभाऊ आमचे शेजारी. एकटे राहतात. कर्जतपासून खालापूरपर्यंत कुठेही मांडव पडला की खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा घेऊन हजर. एका लग्नाच्या तीन-चार कच्च्या कॅसेटी होतात. घरी दोन व्हीसीआर जोडून त्यांतून एक पक्की करायची, लोकांचं बोलणं काढून वर सिनेमातली गाणी भरायची, आणि ती गिऱ्हाइकाला द्यायची. इथवर बाकीचे व्हिडिओवालेही करतात. मधूभाऊ पक्कीच्या आणखी दोन प्रती काढतात. एक स्वतःकडे आणि एक दुसऱ्याच्या घरी.

"एका छपराखाली दोन कापी म्हंजे एकच कापी," असं ते म्हणतात. पाणी शिरलं तर दोन्ही जातील, म्हणून. त्यामुळे आमच्या आळीत शिंप्याच्या कपाटात चार लग्नं आहेत आणि पिठाच्या गिरणीवाल्याकडे होती ती पिठामुळे परत आणली. आमच्या वाट्याला सात आली, कारण पावसाळ्यात कॅसेटींना पांढरी बुरशी धरते आणि तांदूळ ओल ओढून घेतो.

महिन्याला तपासणी असते. दारातूनच विचारतात, "वहिनी, मंडळी बरी हायत ना?" मंडळी म्हणजे पिंपातली. मी मान हलवते. घराबाहेरच्या माणसाशी बोलायचं म्हटलं की मला शब्द सापडत नाहीत. मग ते बाही वर करून कोपरापर्यंत हात तांदळात घालतात, एकेक चाचपतात आणि परत पुरतात.

आमचे हे एकदा म्हणाले, "मधू, तांदूळ संपला तर तुझी लग्नं शिजवून खायाची का आमी?"

"खावा. दुसरी कापी माझ्याकडं हाय," मधूभाऊ म्हणाले. ते हसले नाहीत.

कच्च्या कॅसेटी बाकीचे लोक पुसून पुन्हा वापरतात. मधूभाऊ त्यांचा कान मोडतात. कान म्हणजे कॅसेटच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा छोटा तुकडा. तो मोडला की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. मग ती पत्र्याच्या ट्रंकेत जाते. या कच्च्यांची मात्र दुसरी प्रत नाही, आणि त्या ते कुणाच्या घरी ठेवतही नाहीत. बुरशी धरू नये म्हणून वर्षातून दोनदा फिरवतात. नुसत्या पुढे पळवल्या तरी चालतं म्हणे. मधूभाऊंना त्याला महिना लागतो.

लग्नात त्यांचा दिवा धरायला पळसदरीचे त्यांचे दाजी येतात. मागच्या वैशाखात कोऱ्या कॅसेटी कमी पडल्या. दाजींनी न विचारता ट्रंकेतली एक उचलली, कानाच्या जागी चिकटपट्टी लावली आणि पिशवीत टाकली. कानाची जागा अशी झाकली की कॅसेट पुन्हा भरता येते, हे त्यांना ठाऊक होतं. भर मांडवात घाईघाईने मधूभाऊंनी तीच कॅमेऱ्यात घातली. घरी येऊन बघितली तेव्हा जुनं लग्न गेलेलं होतं.

ते आमच्या ओटीवर येऊन बसले. तपासणीचा दिवस नव्हता.

"पक्की हाय ना शाबूत?" ह्यांनी विचारलं.

"हाय. तुमच्याच तांदळात हाय."

"मग झालं की. कच्चीला कोण इचारतो रं?"

"त्यात एक म्हातारी होती," मधूभाऊ म्हणाले. "पंगती उठत होत्या. माझे दोन्ही हात कॅमेऱ्याला. ती आली नि म्हनाली, तोंड उघड रं, कवाचा उपाशी हायस. नि जिलबी भरवली. चित्र हाललं, म्हनून पक्कीत घेतलं नाय."

"कोण होती?"

"काय म्हाईत. वऱ्हाडातली आसंल. पुसली मीच."

दोन दिवस त्यांच्या घरी चूल पेटलेली दिसली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी हे म्हणाले, डबा देऊन ये. मी गेले. दार लोटलेलं होतं आणि आतून बायकांचा आवाज येत होता, म्हणून मी उंबऱ्यातच थांबले.

मधूभाऊ टीव्हीसमोर पाटावर बसले होते. पुढ्यात ताटलीत कोरडे पोहे. टीव्हीत कुणाचंतरी लग्न चाललं होतं, गाण्यांशिवायचं. हिरव्या लुगड्यातली एक बाई वाढता वाढता थेट कॅमेऱ्याजवळ आली. "कॅमेरावाले, जेवलात का?"

"जेवतो, जेवतो. तुमचं चालू द्या," मधूभाऊ म्हणाले आणि एक घास घेतला.

बाई पुढे गेली. मग एक म्हातारा आला. तोही तेच विचारून गेला. त्यालाही मधूभाऊंनी उत्तर दिलं.

परत फिरावं असं मला वाटलं. पण डबा गरम होता. मी तो खाली ठेवला आणि म्हटलं, "मधूभाऊ, जेवलात का?"

"जेवतो, जेवतो," ते टीव्हीकडे बघत म्हणाले.

टीव्हीत त्या वेळी नुसता मांडवाचा खांब दिसत होता. त्यांनी तो जरा निरखून बघितला. मग मान मागे वळवली.