सासूबाईंचं लग्न आणि सरकतं दार

अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारणाऱ्या वेंडेल हाउगेनने एका फुलवाल्याकडून जुनी व्हॅन विकत घेतली. शेजारच्या क्लेटनने ती पाहिल्या पाहिल्या विचारलं, "हिचा रिकॉल बाकी आहे का, पाहिलंस?"

"कसला रिकॉल?"

"अरे, गाडी विकून झाल्यावर कंपनीलाच कळतं की आपलं काहीतरी चुकलंय. मालकाला 'गाडी परत आणा, दुरुस्त करून देतो' असं पत्र येतं, तो ते रद्दीत टाकतो आणि गाडी तुझ्यासारख्याला विकतो. पुढच्या काचेखालचा गाडीचा नंबर घे आणि कंपनीच्या साइटवर टाक. काम फुकट करून देतात."

फुकट म्हटल्यावर वेंडेल जेवणावरून उठला. नंबर टाकला. उत्तर आलं: मागचं सरकतं दार, डावीकडे वळताना आपोआप उघडण्याची शक्यता.

त्याने लगेच सर्व्हिस सेंटरला फोन लावला. पण सुट्या भागांसाठी मोठी रांग होती, आणि मिळाली ती तारीख नेमकी सासूबाईंच्या लग्नाची. सासूबाई, म्हणजे आर्डिस, एक्क्याऐंशी वर्षांच्या. नवरदेव ऑर्विन चर्चच्या गायनवृंदातला, वयाने त्यांच्याहून लहान (हे सासूबाई न विचारता सांगत).

"तारीख बदलून घे," वेंडेलची बायको मार्लिस म्हणाली.

"मग थेट हिवाळ्यात मिळेल. तोवर आईंना असल्या दारापाशी बसवू? वळणावर गडगडत गावाखालच्या तळ्यात गेल्या म्हणजे?"

मार्लिसने यावर थोडा विचार केला. (वेंडेलच्या मते जरा जास्तच.)

तेव्हापासून वेंडेलने डावीकडे वळणं सोडलं. जायचं डावीकडे असलं तरी तो उजवीकडे, पुन्हा उजवीकडे, पुन्हा उजवीकडे वळे. दूध आणायला गेलेला माणूस अर्धं डुलुथ बघून परत येऊ लागला. एकदा तर पूल ओलांडून शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात पोचला आणि दूध तिथूनच घेऊन आला.

लग्नाच्या दिवशी मार्लिस सकाळपासून चर्चमध्ये कॉफी आणि फुलं बघत होती. सासूबाईंना आणायचं काम वेंडेलकडे होतं. त्याचा बेत सोपा होता: लवकर निघायचं, वाटेत दाराचं कुलूप बदलून घ्यायचं, आणि त्याच दारातून वधूला चर्चसमोर उतरवायचं.

सासूबाई जांभळ्या झग्यात, हातात गुच्छ घेऊन मागे बसल्या.

"वेंडेल, हा पेट्रोल पंप मघाशी येऊन गेला ना?"

"तो दुसरा होता, आई."

"पण माणूस तोच आहे. आता तर त्याने मला हातही केला."

सर्व्हिस सेंटरात मॅनेजर बर्डेटने बाईंना उतरायची विनंती केली.

"मी उतरणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "हा झग्याचा घेर आत कोंबायला तीन बायका लागल्यात. तुम्हाला दार दुरुस्त करायचंय ना? मी दार आहे का?"

बर्डेट बाजूला झाला. सोलवेग नावाच्या मेकॅनिक मुलीने सासूबाईंना आत ठेवूनच जुनं कुलूप काढलं, नवं बसवलं आणि दार ओढून घेतलं. खट्ट! काय सुरेख आवाज होता!

मग ते दार उघडेना.

सोलवेगने ओढलं, बर्डेटने ओढलं, वेंडेल तर त्याला लोंबकळलाच. "बघा!" बर्डेट घाम पुसत म्हणाला, "आता आपोआप उघडायचा प्रश्नच मिटला!"

पलीकडच्या दाराला आतून फुलवाल्याने कुंड्यांची फळी ठोकून ठेवली होती. आणि गाडीचा संगणक नवं कुलूप ओळखेपर्यंत गाडीही सुरू होणार नव्हती.

"आई, पुढच्या सीटवरून चढून येता का?"

"माझा खुबा नुकताच नवा बसवलाय, वेंडेल. त्याला अजून कंपनीने परत बोलावलेलं नाही."

फोन वाजला. मार्लिस होती. "आई कुठे आहे?"

"सुरक्षित आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे इतक्या सुरक्षित त्या आयुष्यात कधी नव्हत्या."

पलीकडे जे काही बोललं गेलं ते सोलवेगलाही ऐकू गेलं. थोड्याच वेळात मार्लिस, चर्चचे पाळक टोर्गरसन आणि अख्खा गायनवृंद सर्व्हिस सेंटरात घुसला. सगळ्यांपुढे ऑर्विन होता, पांढराफटक पडलेला. दाराची काच चार बोटं खाली होती. तिथे त्याने तोंड नेलं.

"आर्डिस, मला वाटलं तू विचार बदललास."

"वेड्या, बदलला असता तर पळून गेले असते. कोंडून कशाला घेतलं असतं?"

ऑर्विनने फटीतून बोटं आत घातली. सासूबाईंनी ती घट्ट धरली. वेंडेलला एकदम वाटलं, आपण फार मोठं काहीतरी मोडायला निघालो होतो.

पाळकांनी फट निरखून पाहिली. "अंगठी जाईल यातून," ते म्हणाले. "मग अडलंय कुठे?"

गायनवृंद टायरांच्या चळतीशेजारी उभा राहिला आणि गायला. अंगठी आत गेली, अंगठी बाहेर आली. "मान्य आहे!" सासूबाई गाडीतून ओरडल्या, आणि त्याच क्षणी गाडीच्या संगणकाला कुलपाची ओळख पटली. टिंग! दार आपसूक सरकलं आणि त्याला टेकलेला ऑर्विन थेट वधूच्या मांडीत पडला. मेकॅनिकांनी हातातले लोखंडी पाने एकमेकांवर आपटून टाळ्या वाजवल्या. मार्लिस रडता रडता हसली, हसता हसता तिने वेंडेलला एक चापट मारली आणि मग मिठीही मारली.

सोलवेगने तिथेच सगळ्यांचा फोटो काढला. तो इतका झकास आला की सासूबाईंनी नाताळच्या शुभेच्छापत्रावर तोच छापायचं ठरवलं. सगळे प्रसन्न हसत होते. फक्त वेंडेलच्या बरोबर डोक्यावर भिंतीवरची एक पाटी आली होती, खाली बाण काढलेली: 'सदोष भाग येथे ठेवावेत.'

"ती पाटी तेवढी कापून घेऊ," मार्लिस म्हणाली.

"कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "राहू दे. नॉर्वेतल्या माझ्या नातेवाइकांनी याला अजून पाहिलेलं नाही. वेगळी ओळख करून द्यायला नको."