बाबलीने बुजवलेले बुराक

रोनाल्ड जिथे गाडी दुरुस्त करून आणतो तिथे माझी गाडी न्यायची नाही, एवढंच मी ठरवलं होतं. एवढंच! पुढे जे काही झालं ते आपोआप झालं, त्यात माझा काडीचा दोष नाही. (आनंदीचं म्हणणं वेगळं आहे. आनंदी म्हणजे माझी बायको. तिचं म्हणणं नेहमीच वेगळं असतं.)

आधी रोनाल्ड कोण ते सांगतो, म्हणजे माझ्या पोटात का दुखतं ते कळेल. आम्ही मालवणात वायरीला राहतो. मागे समुद्र, पुढे रस्ता आणि बाजूला कुंपणापलीकडे रोनाल्ड फर्नांडिस. हायस्कुलात इंग्रजी शिकवतो, चर्चमध्ये व्हायोलिन वाजवतो, आणि पन्नाशीतही त्याचं पोट शर्टाच्या आत राहतं. त्याच्याकडे फियाट आहे. माझ्याकडेही फियाट आहे. त्याची माझ्या गाडीपेक्षा दोन वर्षांनी म्हातारी. दोन्ही गाड्यांना वारा तोच, मीठ तेच. तरी त्याची गाडी बोहल्यावर चढायला निघाल्यासारखी चकाचक, आणि माझ्या गाडीचं दार जरा जोरात लावलं की अंगणात तांबड्या भुग्याची रांगोळी पडायची.

“रोनाल्डच्या गाडयेत बघा, भुतूर एक थेंब येणा नाय,” आनंदी दर पावसाळ्यात म्हणायची.

मी सरकारी ऑफिसात कारकून आहे. चिडलो की मालवणी सोडून ऑफिसातल्या मराठीत बोलतो. “सदर बाबीची नोंद घेण्यात आली आहे,” मी म्हणायचो. आनंदी तोपर्यंत चुलीकडे गेलेली असायची.

ही गोष्ट दोन हजार तीन सालची. जुलैत आम्ही दोघं कट्ट्याला निघालो होतो, गणपतीच्या शाळेत पाट द्यायला. आमच्याकडे मूर्ती करतात त्या जागेला शाळा म्हणतात. आपल्या घरचा पाट तिथे आधी नेऊन द्यायचा, त्यावर मूर्ती घडते आणि चवथीला त्याच पाटावरून घरी येते. आमचा गणपती चार पिढ्या कट्ट्याच्या भाईंच्या शाळेतून येतो. पणजोबांनी आणि आजोबांनी डोक्यावरून आणला, वडलांनी बैलगाडीतून, मी फियाटमधून. (मला विचाराल तर ही प्रगती आहे.)

कुंभारमाठाच्या चढावर आनंदी किंचाळली, “अहो, माजी चप्पल गेली!”

“कुठे गेली?”

“खंय म्हंजे? खाली! रस्त्यार!”

मी वाकून पाहिलं. तिच्या पायाखालचा पत्रा गंजून ताटाएवढा गळून पडला होता आणि त्यातून डांबरी रस्ता पळताना दिसत होता. मी ब्रेक लावतोय तोवर मागून हॉर्न वाजला. कोण असणार? रोनाल्ड! गाडी थांबवून तो उतरला, चिखलातली चप्पल उचलली, स्वतःच्या रुमालाने पुसली आणि बक्षीस समारंभात देतात तशी दोन्ही हातांनी पुढे केली.

“वैनी, तुमची चप्पल.”

आणि आनंदी हसली हो! एकोणीस वर्षांच्या संसारात मी हिला दोन पैठण्या घेतल्या, पण असं हसू माझ्या वाट्याला कधी आलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पाट देऊन घरी येताच तिने जाहीर करून टाकलं. “यंदा गणपती ह्या गाडयेतसून येवचो नाय. चप्पल गेली ती गेली. उद्या बाप्पा गेलो तर? मी रोनाल्डक सांगतंय.”

“आपल्या घरचा गणपती रोनाल्डच्या गाडीतून? अजिबात नाही! गणपती माझ्याच गाडीतून येईल. चवथीच्या आत गाडी ठणठणीत करतो.”

“करा. नाय झाली तर रोनाल्ड आसाच.”

हे ‘आसाच’ मला फार लागलं.

संध्याकाळी तो माणूस कुंपणावर हजर. “लवू, म्हापशाक माजो माणूस आसा मरे. सडलेलो पत्रो कापून टाकता, नवो वेल्डिंग करता, मगे रेडऑक्साईड, मगे लांबी, मगे रंग. चिठी देव?”

सल्ला अगदी योग्य होता. म्हणूनच मला तो नको होता. उद्या गाडी चांगली झाली तर आनंदी जन्मभर म्हणणार, रोनाल्डच्या माणसान केल्यान! “गरज नाही,” मी म्हणालो. “माझा माणूस आहे.”

माझा माणूस नव्हता. मग दुसऱ्या दिवशी मी तो शोधला. दांडीच्या किनाऱ्यावर बाबली फायबरच्या होड्या दुरुस्त करतो. खडकावर आपटून फुटलेली होडी हा चार दिवसांत अशी करून देतो, की फुटली कुठे होती ते मालकालाही सापडत नाही. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून पाहिलं आणि बोट घातलं. बोट थेट आत गेलं.

“बुराक पडलेत,” तो म्हणाला. बुराक म्हणजे भोक.

“बुजतील?”

“गाडी काय नि होडी काय, दादानू. पाणी हयसरचा थयसर जावक नाय म्हंजे झाला.”

मला तर रोनाल्डच्या नाकावर टिच्चून सांगण्यासारखं वाक्य मिळालं. “बाबली,” मी म्हणालो, “मी तुला अकरा भोकं दाखवतो. पण तुला आणखी सापडली तर तीही सोडू नकोस. एक थेंब इकडचा तिकडे होता कामा नये!”

बाबली शब्दाचा पक्का. त्याने गंज खरवडला, फायबरची मॅट कापून आतून बाहेरून चिकटवली, वर रेझिन ओतलं. चवथीला दोन दिवस उरले तेव्हा गेलो तर गाडी हिरवीगार. (कुणाच्या तरी होडीचा रंग उरला होता.)

“दादानू, तुमका अकरा दिसले, माका सत्तावीस गावले!” बाबलीची छाती फुगली होती. “दारांच्या खालच्या कांठाक तर एका रांगेत होते. गोल गोल, एका मापाचे. मधी तळाक पण चार. सगळे बुजवलंय.”

“गंज फार शिस्तीचा दिसतो,” मी म्हणालो. शप्पथ सांगतो, हेच म्हणालो. उलट रोनाल्डच्या म्हापशाच्या माणसाला हे सोळा सापडलेच नसते, या विचाराने मला गुदगुल्या झाल्या.

मग बाबलीने होडीची परीक्षा घेतात तशी गाडीची घेतली. पाइप आणून आत पाणी सोडलं. पावलं बुडतील एवढं पाणी गाडीत भरलं आणि आम्ही दोघे वाळूवर पालथे पडून खालून पाहत राहिलो. दहा मिनिटं झाली. खाली थेंब नाही!

“बघलात?”

“वा!” मी म्हणालो. आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही याचा दोन माणसांना एवढा आनंद झाल्याचं त्या किनाऱ्याने पूर्वी पाहिलं नसेल. नंतर बाबलीने कापलेल्या प्लास्टिकच्या कॅनने ते पाणी उपसलं आणि कॅन माझ्या सीटखाली टाकला. “आसूंदे. होडयेत लागताच.”

गाडी दारात उभी केली. आनंदी दोनदा भोवती फिरली, पाय आपटून तळ पाहिला. नाक मात्र मुरडलं नाही. रोनाल्ड कुंपणावरून बघत होता. “रंग बरो आसा मरे,” तो म्हणाला. मी दोन दिवस त्याच्यासमोर कारण नसताना गाडी पुसत होतो.

दोन दिवस पावसाने उघडीप दिली होती, चवथीच्या सकाळीही स्वच्छ ऊन होतं. मी सोवळं, टोपी, कपाळाला गंध अशा थाटात गाडी काढली. आनंदी मागे बसली. कट्ट्याला भाईंच्या शाळेपुढे ही गर्दी! गावोगावची माणसं आपापला पाट ओळखून मूर्ती उचलत होती. मी ऐटीत गाडी शाळेच्या अगदी दाराशी, पागोळ्यांखाली लावली, म्हणजे मूर्ती बाहेर काढली की दोन पावलांत गाडीत. (काचा थोड्या उघड्या ठेवल्या. आत रेझिनचा वास येत होता.)

आमचा नंबर यायला दोन तास लागले, आणि त्या दोन तासांत जो पाऊस कोसळला, विचारू नका! कौलांवरून पाण्याची धार थेट माझ्या गाडीवर. मी शाळेच्या आतून बघत होतो आणि मनातल्या मनात म्हणत होतो, पड लेको, किती पडायचंय ते पड. आता खाली एक भोक नाही.

पाऊस थांबला. भाई म्हणजे सत्तरीचे, शाडूच्या मातीने हात कोपरापर्यंत पांढरे. त्यांनी आमची मूर्ती पाटासकट उचलली, माझ्या हातात दिली. किती सुरेख मूर्ती! आनंदी पुढे झाली आणि तिने मागचं दार ओढलं.

दारातून ‘डुबुक’ असा आवाज आला. मग उंबऱ्यावरून पाण्याची एक लाट बाहेर आली आणि तिच्या नव्या साडीच्या निऱ्या भिजवून गेली. आत घोट्यावर पाणी होतं. त्यात आरतीचं पुस्तक पोहत होतं.

“शिरा पडली ती गाडयेर! ह्या काय?”

“हे... हे शक्यच नाही,” मी म्हणालो. “सत्तावीस भोकं बुजवली आहेत!”

भाईंनी चष्मा वर केला, वाकून दाराचा खालचा काठ चाचपला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्या हातात मूर्ती नसती तर मी पळून गेलो असतो. “लवू, मेल्या, ते बुराक गंजाचे न्हय. पाणी भायर जावक कंपनीन ठेवलेले असतत.”

तेव्हा उजेड पडला. माझ्या गाडीत पाणी कायमच वरून येत होतं, काचेच्या रबरातून, खिडक्यांतून. आणि कायमच खालून निघून जात होतं. इतकी वर्षं दोघांचं छान जमलं होतं. मधे मी पडलो.

“चल, लाटा बसू देत, सीटवर ठेवतो,” मी मूर्ती पुढे केली.

“खबरदार!” भाई गरजले. “शाडूची माती आसा ती! गणपती माझ्या शाळेतसून घराक जाता, विसर्जनाक न्हय!”

माझ्या हातात चार पिढ्यांचा गणपती, मागे खोळंबलेली गर्दी, आणि गाडी म्हणजे तळं. मी आनंदीकडे पाहिलं. ती शांत होती. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. तिने समोरच्या हॉटेलकडे बघून नुसता हात वर केला. हॉटेलातून, तुमचा विश्वास बसणार नाही, रोनाल्ड बाहेर आला!

“हा इथे कसा?”

“मी बोलावलंय,” आनंदी म्हणाली. “काल सांगलंय तेका, मागसून येवा, काय सांगाचा नाय. दोन तास चाय पीत बसलो हा बिचारो.”

बिचारो! त्या बिचाऱ्याने मागच्या सीटवर धुतलेली चादर अंथरली होती. चपला काढून डिकीत ठेवल्या होत्या. “वैनी, कालपासून मासो खाल्लंय नाय हां,” तो हळूच म्हणाला. मीही खाल्ला नव्हता! पण माझं कौतुक कोण करणार? मी मुकाट्याने गणपती रोनाल्डच्या गाडीत ठेवला. आनंदी बाजूला बसली. रोनाल्डने मोठ्याने “मोरया!” म्हटलं, आणि त्यालाही गर्दीने साथ दिली. खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू आलं.

मी एकटा मागून निघालो. ब्रेक लावला की पाणी पुढे येऊन माझे पाय धुवायचं, चढ लागला की मागे जायचं, आणि चारही दारं वळणावळणावर डुबुक डुबुक करायची. वाटेत चौके गावापाशी गाडी थांबवून मी सीटखालचा कॅन काढला आणि पाणी उपसायला लागलो. सोवळं, टोपी, गंध सगळं तसंच. रस्त्याकडेच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, “काय गावला काय रे?”

घरी पोचलो तोवर पूजा सुरू झाली होती. संध्याकाळी बाबली दर्शनाला आला. आधी तो गाडीकडे गेला, खाली वाकला आणि तिथूनच ओरडला, “दादानू, बघलात! दारात अजून पाणी भरलेला आसा, पण खाली एक थेंब गळाक नाय!” मी त्याला मोदक दिला.

पाचव्या दिवशी विसर्जन. घरात आरतीला माणसं जमली होती, रोनाल्ड आणि त्याची बायको मारियानही होती. रात्रीच्या पावसाने गाडी पुन्हा भरली होती, पण मी सकाळपासून कॅन घेऊन ती उपसत होतो. माझी एकच इच्छा उरली होती. मी आनंदीला बाजूला घेतलं आणि अगदी हळू, चक्क मालवणीत विचारलं, “येताना ऱ्हवला तां ऱ्हवला. आता समुद्रार जाताना तरी बाप्पाक आपल्या गाडयेत घेवया मा?”

आनंदीने खिडकीतून गाडीकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या कॅनकडे पाहिलं. आणि कुंभारमाठावर रोनाल्डकडे बघून हसली होती, अगदी तस्सं माझ्याकडे बघून हसली.

“घेवया की,” ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. “पण मगे समुद्रार जावचा कित्याक? पाणी उपसू नकात. आरती करूया, आणि दारातच बुडवूया!”