माशांना कर्जतचंच पाणी लागतं

बाळारामदादा रोज सकाळी ट्रकच्या ट्यूबमध्ये सायकलच्या पंपानं हवा भरायचा. त्याच्याकडे ट्रक नव्हता, सायकल नव्हती, आणि पंपही स्टेशनबाहेरच्या सायकलवाल्याकडून गोड बोलून आणलेला. हवा माशांसाठी. ट्यूबच्या तोंडाला सरकारी दवाखान्यातून मागून आणलेली सलाईनची नळी बांधलेली. नळीवरचं ते पांढरं चाक जरा सैल केलं की पेटीतल्या पाण्यात बुडबुडे सुरू. एकदा ट्यूब भरली की संध्याकाळपर्यंत पुरायची. मुंबईत ह्या कामाला विजेचं यंत्र मिळतं असं कुणीतरी त्याला सांगितलं, तर म्हणाला, "वीज कशाला रं? हाय त्यात भागवायचं."

हा त्याचा जप. बायको लुगडं मागायची, तिलाही हेच. पोरगा बूट मागायचा, त्यालाही हेच. पाहुणा आला तर दादा त्याला चहाऐवजी मासे दाखवायचा.

दादा रेल्वेच्या सिग्नल खात्यात खलाशी होता, कर्जतला रेल्वेच्या चाळीत राहायचा. माझी पिठाची गिरणी नदीपलीकडे दहिवलीला. आमची ओळख झाली ती जात्याभोवती सांडलेल्या पिठावरून. हा बाबा पूल ओलांडून यायचा आणि खाली बसून ते पीठ पिशवीत भरायचा. मला वाटलं, गरीब आहे बिचारा, भाकरीला नेतो. म्हणून मी त्याला एकदा चांगलं शेरभर तांदळाचं पीठ देऊ केलं. त्यानं बोटानं चाखून बघितलं आणि परत केलं. "हे लई बारीक हाय. पाणी गढूळ करतं."

आता आमच्या मुलखात मासा घरात आला की तो सरळ तव्यावर जातो. मासा खिडकीत ठेवून त्याच्याकडे बघत बसायचं, हे खूळ गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. दादाची पहिली पेटी म्हणजे रेल्वेच्या भंगारात निघालेली बॅटरीची काचेची बरणी. पुढे त्यानं लोखंडी पट्ट्या जमवून, मोडक्या कपाटाच्या काचा लावून, सांध्यांना डांबर फासून एक मोठी पेटी केली. ती एका कोपऱ्यात गळायची. खाली पातेलं असायचं. पातेलं भरलं की दादा ते पेटीत उलटं करायचा आणि पुन्हा खाली ठेवायचा. यमुनावहिनी, म्हणजे त्याची बायको, वरण चुलीवर ठेवायला पातेलं शोधत फिरायची.

मासे म्हणाल तर तेही फुकटचे. हिवताप खात्याचा माणूस विहिरींमध्ये गप्पी मासे सोडायचा, डासांच्या अळ्या खायला. दादानं त्याला घरी नेऊन चहा पाजला आणि ओंजळभर मासे पदरात पाडून घेतले. दादानं कुणाला आपण होऊन चहा पाजल्याची ही एकच घटना माझ्या ऐकिवात आहे. त्या माशांना तो गटारातल्या अळ्या आणून घालायचा. गाळून आणायचा. कशातून गाळतो हे वहिनीला बऱ्याच उशिरा कळलं. तिनं चहाची गाळणी रस्त्यावर भिरकावली आणि पुढे कायम चहा फडक्यातून गाळला.

"आवो, मासं काय बगायची वस्तू हाय का?" ती विचारायची.

"मग काय आयुष्यभर खातच बसायचं?" हा दादाचा जबाब.

एका पावसाळ्यात दादाला रंगीत मासे हवेसे झाले. विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता. त्यानं शेताच्या बांधाकडून लालचुटूक बारीक पिल्लं धरून आणली. ती मरळीची पिल्लं. मरळ लहानपणी अशी गोड दिसते, आणि मोठी झाली की समोर येईल ते गिळते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दादालाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "दादा, ही बाकीचे मासे खातील." तर म्हणाला, "चांगल्या संगतीत ऱ्हाईल तर सुदरंल." काही महिन्यांनी पेटीत एकच मासा उरला, काळा आणि चांगला हातभर. भावंडंही त्यानंच संपवली होती. वहिनी विळी घेऊन पुढे झाली, पण दादानं माशाला हात लावू दिला नाही. ती मरळ त्यानं उल्हास नदीत सोडली आणि त्या दिवशी जेवला नाही. सुधारायला वेळ कमी पडला, एवढंच त्याचं म्हणणं. पेटीत पुन्हा गप्पी आले.

वहिनी गेली तेव्हा मी भेटायला गेलो होतो. दादा पेटीपाशी बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ट्यूब भरायची ऱ्हायली आज." मग मीच पंप मारला. दुसरं काय करणार?

त्याचा मुलगा प्रकाश. शिकला, रसायनीला कारखान्यात चिकटला, कंपनीच्या वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या, पनवेलची बायको केली, एक मुलगी झाली. इथवर सगळं झकास. मग दादा रिटायर झाला आणि रेल्वेची खोली सोडायची वेळ आली. दादानं सामान बांधलं. सामान म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी. मासे बरण्यांमध्ये काढून ठेवले, पेटी पुसून घेतली. चाळभर सांगत होता, "चाललो पोराकडं."

प्रकाश टेंपो घेऊन आला. मी हात लावायला गेलो होतो, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्यानं पेटी उचलायला लावली. बायकोनं सांगितलं होतं म्हणे, तिकडे साहेब लोकांच्या बैठकीच्या खोलीत अशा पेट्या असतात, शोभा येते. पेटी चढली, मासे चढले, ट्यूब चढली. ट्रंकेला मी हात घातला तर प्रकाश म्हणाला, "राहू द्या काका. बाबांना तिकडे करमायचं नाही. जागा लहान आहे. इकडे त्यांची माणसं आहेत."

त्याची माणसं म्हणजे कोण, तर मी. टेंपो गेला. मला प्रकाशच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती, अजूनही वाटते. दादा मला म्हणाला, "बरोबर हाय त्याचं. हाय त्यात भागवायचं." मग मी त्याला माझ्या गिरणीमागची खोली दिली. दिवसभर पट्ट्याचा खडखडाट आणि अंगावर पीठ. पण तो कधी कुरकुरला नाही.

आणि मग ते पाण्याचं सुरू झालं.

दर रविवारी सकाळी दादा दाढी करायचा, धुतलेला सदरा घालायचा आणि झाकणाची दुधाची मोठी किटली घेऊन एस.टी. पकडायचा. किटलीत पाणी. मी विचारलं, हे काय नवीन? म्हणाला, "रसायनीचं पाणी माशांना सोसत नाय. नळाला औषध घालतात. दर आठवड्याला थोडं कर्जतचं पाणी घालावं लागतं, नायतर मरतील. सूनबाईला सांगून ठेवलंय, तुमी हात लावू नका, मी येईन."

"तिथल्या माणसांना सोसतं ते पाणी आणि गप्पीला सोसत नाही?"

"माशांना कर्जतचंच पाणी लागतं," दादा म्हणाला. असं म्हणाला की जणू काय खात्याचं परिपत्रकच आलंय.

मी गिरणीवर येणाऱ्या प्रत्येकाला ही गंमत सांगायचो. लोक हसायचे. किटली हातात घेऊन निघालेला दादा दिसला की पोरीबाळी विचारायच्या, "दादा, गंगा कुठं चालली?" तो म्हणायचा, "प्रकाशकडं."

माझी बहीण रसायनीलाच दिलेली. एका रविवारी तिच्याकडे जायचं म्हणून मी दादाबरोबर निघालो. गाडी चौकच्या पुढे खड्ड्यात आदळली, किटलीचं झाकण उडालं, अर्धं पाणी माझ्या धोतरावर. मी चिडून आत बघितलं, तर आत मासे. चांगले चार-सहा गप्पी, घाबरून गोल गोल फिरणारे.

दादानं झाकण लावलं आणि खिडकीबाहेर बघत बसला. मग हळूच म्हणाला, "मरतात रं तिथं. दर आठवड्याला मरतात. ती पोर बिस्किटं टाकते, सूनबाई वरून नळाचं ओतते. कितीदा सांगू? आपल्या विहिरीतलं धरून नेतो मी. मेलेलं काडतो, हे सोडतो."

"आणि कर्जतचं पाणी?"

"पाण्यानं काय होतंय," दादा म्हणाला. "मासं मेलं म्हटलं तर पेटी काडून टाकतील. पेटी नसंल तर मी कशाला जाऊ तिथं? काय सांगून जाऊ?"

मुलाच्या घरी जायला ह्या माणसाला कारण लागत होतं, आणि ते कारण दर आठवड्याला मरत होतं. मी रुमाल काढून धोतर पुसत राहिलो.

त्याच्या आग्रहानं मी प्रकाशच्या घरी चहाला थांबलो. दादा आत गेला तो सरळ पेटीपाशी. पेटीकडे तोंड, दाराकडे पाठ, आणि हात असा चालत होता की बघणाऱ्याला वाटावं, नुसतं पाणी ढवळतोय. मेलेले मासे सदऱ्याच्या खिशात, किटलीतले पेटीत. तोवर नात येऊन गुडघ्याला चिकटली. पेटीतल्या एका मोठ्या शेपटीच्या माशाचं नाव तिनं राणी ठेवलं होतं.

"आजोबा, राणी आज लहान दिसते."

"एकादशी धरली आसंल तिनं," दादा म्हणाला.

पोर खदखदून हसली आणि त्याच्या मांडीवर चढून बसली. तो तिला एकेक मासा दाखवत होता. मी त्याला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तेवढ्यात प्रकाश आतून आला, माझ्याशी हवापाण्याचं बोलला आणि मग वडलांना म्हणाला, "बाबा, बरं झालं काका पण आलेत. दिवाळीला टीव्ही घेतोय. ठेवायला ही एकच जागा आहे. काकांच्या ओळखीचा टेंपो असेल तर ही पेटी न्या तुम्ही. तुमचाही दर रविवारचा त्रास वाचेल."

दादा पोरीला मांडीवरून खाली ठेवत म्हणाला, "हो, तरास होतोच. गुडघं दुखतात आताशी."

सुनेनं चहा आणला. ती वाईट बाई नाही, खोटं कशाला बोलू. तिनं सासऱ्याला जास्तीची साखर घातली होती आणि बशीत चिवडाही दिला. प्रकाशही दुष्ट नाही. तो आपला टीव्ही कुठे ठेवायचा ह्याच विचारात होता. माणसाला घराबाहेर काढायला दुष्ट असावं लागत नाही, घरात वस्तू आणत गेलं तरी पुरतं.

पुढच्या आठवड्यात मी टेंपो नेऊन पेटी आणली. गिरणीमागच्या खोलीत ठेवू म्हटलं, तर दादानं ती भंगारवाल्याला दिली. मासे विहिरीत सोडले. ट्यूबची हवा सोडून ती घडी घालून मला दिली, म्हणाला, तुझ्या पट्ट्याला ठिगळ लावायला होईल. मी म्हटलं, दादा, मासे राहू देत की इथं. "इथं कशाला?" म्हणाला. "इथं कोण बगतंय?"

रविवार उजाडला. दादानं दाढी केली. धुतलेला सदरा घातला. आणि गिरणीच्या दारात गव्हाच्या पोत्यावर येऊन बसला. एस.टी. गेल्याचा आवाज आला तेव्हा त्यानं मान वर केली आणि परत खाली घातली. मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी उगाच हातोडी-टाकी घेऊन जात्याला दात पाडत बसलो.

माझे ठोके ऐकत दादा म्हणाला, "सदू, टीव्हीला काय करावं लागतं रं?"

"काय म्हणजे?"

"म्हणजे तेलपाणी? पुसायला बिसायला कोणी लागतं का?"

"काही नाही. बटण दाबायचं की सुरू."

"आसं," दादा म्हणाला. पोत्याची सुतळी ओढत बसला. मग म्हणाला, "पण ते वर, गच्चीत, काठ्यांचं असतं ना? बँकेच्या साहेबाच्या घरावर हाय बघ. त्याच्यावर कावळं बसतात."

"अँटेना."

"तेच. कावळा बसला, वारा आला की त्याचं तोंड फिरतं म्हणतात. मग खाली चित्र येत नाय. ते दर आठवड्याला कुणीतरी सरळ करावं लागत आसंल. नाय का?"

मी टाकी खाली ठेवली. टीव्ही मी आयुष्यात एकदाच, पनवेलला दुकानाच्या काचेतून पाहिला होता.

"लागतं," मी म्हटलं. "दर आठवड्याला लागतं."

"सूनबाईला नाय जमणार ते," दादा म्हणाला, "आणि रसायनीला वारा लई हाय."