एकदम फिट

मी फक्त एवढंच म्हणालो, “मी पळेन की तिच्याबरोबर.” (भरल्या पोटी माणसानं शब्द देऊ नये.)

झालं असं, की मेहुणीला नोकरी लागली परगावी आणि तिला तिथं खोली घेऊन एकटीनं राहायचं होतं. तिला अपस्मार आहे. गोळ्या वेळच्या वेळी घेते, चौदा महिन्यांत एकही फिट आलेली नाही. पण तिला लहानाची मोठी केली ती आमच्या हिनं, त्यामुळे ही काही केल्या ‘हो’ म्हणेना. अशात अपस्मार असलेल्यांच्या मदतीसाठी पाच किलोमीटरची दौड निघाली.

“पळून दाखवते, ताई. मग तर सोडशील?”

“एकटी नाही पळायचं,” ही म्हणाली, आणि मी वरचं वाक्य बोलून बसलो.

मी कचेरीत आवक-जावक सांभाळतो. वीस वर्षांतली माझी सगळ्यात लांब दौड साहेबांच्या टेबलापर्यंत. पण जबाबदारी ती जबाबदारी! फिट आली तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, घड्याळ बघायचं. हे सगळं मी घोकून पाठ केलं. (शिपायाला वाटलं, साहेब होण्याची परीक्षा देतोय.)

दौडीच्या सकाळी नोंदणीच्या टेबलाशी तोबा गर्दी. चष्मेवाल्या कार्यकर्तीनं मान वर न करता विचारलं, “फिट?”

मी पोट आत घेतलं. “एकदम फिट!”

“कधीपासून?”

“लहानपणापासून!”

“गोळ्या चालू आहेत ना?”

“छे! जन्मात एक गोळी घेतली नाही.”

आता तिनं मान वर केली. “अहो काका, असं कसं चालेल? सोबत कोण आहे?”

“ही मेहुणी.”

तिनं माझ्या छातीवर जांभळी पट्टी लावली आणि मेहुणीला ‘सोबती’ असा बिल्ला दिला. “यांच्यावर नीट लक्ष ठेवा हं.” मेहुणी तोंडावर रुमाल धरून हसत होती. मला वाटलं, जांभळी पट्टी म्हणजे ज्येष्ठतेचा मान.

दोन किलोमीटर झाले आणि पोटरीत असा गोळा आला, की मी रस्त्यावर आडवा होऊन पाय झाडायला लागलो. चारी बाजूंनी जांभळ्या टीशर्टातले स्वयंसेवक धावले. मला कुशीवर वळवलं. डोक्याखाली जाकीट. एक जण घड्याळ बघू लागला.

“अहो, मला फिट नाही!” मी ओरडलो.

“शांत पडा, काका. थोडा वेळ असं गोंधळल्यासारखं होतं.”

“सोडा त्यांना,” मेहुणी शांतपणे म्हणाली. “त्यांना फिट येत नाहीत. ते फिटच नाहीत.”

“अगं, मग टेबलापाशी का नाही बोललीस?”

“भाऊजी, आजवर सगळे माझ्यावर लक्ष ठेवत आले. आज पहिल्यांदा कुणीतरी मला दुसऱ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. कशाला बोलू?”

मला भरून आलं. (पोटरीही दुखत होती, पण ते वेगळं.) तिनं समोरच्या रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला एकटीला सोडायला मन धजेना. तरी म्हटलं, “पळ. ताईला मी बघतो.”

मी रुग्णवाहिकेतून सगळ्यांच्या आधी शेवटच्या रेषेवर पोचलो. दार उघडलं तर समोर ही, चेहरा पांढराफटक. “ती कुठंय?”

“पळतेय.”

“एकटी?”

पुढची वीस मिनिटं ही टाचा उंचावून उभी. नजर रस्त्यावर. मग वळणावरून मेहुणी आली, घामानं निथळत, दोन्ही हात वर करून. हिनं तिला घट्ट मिठी मारली, डोळे पुसले.

“ताई, खोली?”

हिनं तिच्याकडे पाहिलं. मग स्ट्रेचरवर पाय वर करून पडलेल्या माझ्याकडे पाहिलं.

“घे बाई खोली. तुझी काळजी मिटली माझी,” ही म्हणाली. “फक्त रविवारी येत जा. मी बाजारात गेले की ह्यांच्याजवळ कुणीतरी हवं.”