सर घेतील तवा

सोमवारी संध्याकाळी साताऱ्याच्या गाडीतून मयूरी सांगलीला उतरली, घरी आली आणि चहाचा डबा काढायला तिने फळीकडे हात नेला, तर उजवा हात खांद्याच्या वर जाईना. तिने डाव्या हाताने डबा काढला, चहा केला आणि कप सुमंतपुढे ठेवत म्हणाली, "उद्या मला डॉक्टरांकडे जायचंय."

डॉक्टरांनी हात पुढे, मागे, बाजूला नेऊन पाहिला. मयूरीने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

"या खांद्यावर काय घेता?"

"लॅपटॉपची बॅग. आठवड्यातून दोनदा साताऱ्याला जाते."

"बराच जड दिसतोय."

"दोन किलो नऊशे ग्रॅम," सुमंत म्हणाला. "चार्जर धरून तीन किलो तीनशे."

डॉक्टरांनी त्याच्याकडे वळून पाहिलं.

"आम्ही नवा घेणारच आहोत," सुमंतने घाईने सांगितलं. "नऊशे ऐंशी ग्रॅमचा."

"कधी?"

गेले सहा महिने सुमंत याच प्रश्नावर काम करत होता.

मयूरी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची. सोमवारी आणि गुरुवारी तिला त्याच संस्थेच्या साताऱ्याच्या शाळेत जावं लागे. धडे सगळे चित्रांचे आणि चित्रफितींचे, त्यामुळे लॅपटॉपवाचून चालत नसे. तिचा नवरा सुमंत कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा. जून महिन्यात तो हलका लॅपटॉप बाजारात आला तेव्हा, 'हाच घ्यायचा' हे सुमंतनेच ठरवलं होतं आणि तेही एका दिवसात. प्रश्न फक्त कधी घ्यायचा एवढाच उरला होता. पहिल्या खेपेतला माल शहाण्या माणसाने घेऊ नये, म्हणून जून गेला. जुलैत कोणीतरी लिहिलं की तो मांडीवर तापतो. ऑगस्टमध्ये कंपनीने तापण्यावर उपाय केला, पण तो उपाय केलेला माल सांगलीत पोचायला वेळ लागणार होता. मग गणपती आले, आणि खरी सवलत दसऱ्याला असते. दसऱ्याला कळलं की दिवाळीत त्याहून जास्त असते. दिवाळीत कळलं की वर्षअखेरीला बॅटरी सुधारणार आहेत. यातलं एकही कारण खोटं नव्हतं, हीच अडचण होती.

मयूरी आधी दर आठवड्याला विचारायची, मग महिन्यातून एकदा. नंतर तिने विचारणंच सोडून दिलं. सुमंतला तो तिचा समजूतदारपणा वाटला.

विश्रामबागेत सिद्धूचं दुकान होतं. सिद्धू तासगावकडचा, द्राक्षबागाईतदाराचा मुलगा आणि सुमंतचा जुना विद्यार्थी. दर शनिवारी सुमंत त्याच्याकडे जाऊन तो लॅपटॉप उघडून बघे, मिटून बघे, एका हाताने उचलून बघे. सिद्धू चहा मागवायचा आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायचा. कॉलेजातल्या पाच जणांना तोच लॅपटॉप हवा होता, पण सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, "सर घेतील तवा आमी." सुमंतने अकरा महिने विचार करून घेतलेला फ्रीज पंधरा वर्षं चालला होता, हे सगळ्या स्टाफरूमला माहीत होतं. त्या भरवशावर सिद्धूने सहा खोके मागवून ठेवले होते. सहाही गणपतीपासून मागच्या बाजूच्या वरच्या फळीवर होते.

बुधवारी सुमंत स्टाफरूममध्ये गेला तेव्हा मयूरीच्या खांद्याची बातमी त्याच्याआधी पोचली होती. इतिहासाचे धैर्यशील पाटील त्याची वाटच बघत होते. पाटलांचं घर कराडकडच्या गावात आणि थोरला भाऊ फौजेत. ते स्वतः फौजेत गेले नव्हते, पण त्यांचा आवाज जाऊन आल्यासारखा होता.

"सर, वहिनींचा हात गेला म्हणं?"

"गेला नाही. आखडलाय. सहा आठवडे वजन उचलायचं नाही."

"आणि तुमी अजून विचारच करताय?"

खोलीतल्या सगळ्यांनी माना वर केल्या. सुमंतच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"घेतला," तो म्हणाला.

"आँ?"

"घेतला मी. काल."

हे बोलताना आपण खोटं बोलतोय असं त्याला वाटलं नाही. शनिवारी तो घेणारच होता. फक्त तीन दिवस आधी सांगत होता. तास संपवून तो घरी आला. आणि त्याच संध्याकाळी धैर्यशील पाटील बाकीच्या चौघांना घेऊन सिद्धूच्या दुकानात गेले. सहांतले पाच खोके अर्ध्या तासात खपले.

"एकाएकी काय झालं?" सिद्धूने विचारलं.

"सरांनी घेतला की. मग आमी कशाला थांबतोय?"

सिद्धू पावती लिहीत होता. त्याचा हात थांबला. "सरांनी? कुठनं?"

"तुझ्याकडनं न्हाई व्हय? मग पुण्यास्नं घेतला असंल."

सिद्धूने पावती पुरी केली.

गुरुवारी दुपारी धैर्यशील पाटील नवा लॅपटॉप दोन बोटांत धरून सुमंतच्या टेबलाशी आले. "सर, झाकण मिटून परत उघडलं की ह्यो उठतच न्हाई. तुमच्याचं पण असंच हुतंय का?"

"व्हायचं," सुमंत म्हणाला. मग त्याने सेटिंगमध्ये जाऊन एक खूण काढली, दुसरी लावली, आणि लॅपटॉप ताबडतोब उठला. सहा महिन्यांचा अभ्यास होता तो. पाटलांनी हात जोडले. त्यानंतर उरलेले चौघंही आपापली अडचण घेऊन आले, आणि सुमंतने ज्याला आजवर फक्त शनिवारी हात लावला होता, त्या यंत्राची पाचही दुखणी बरी केली.

"सर, तुमचा एकदा दाखवा तरी," त्यांच्यातलं कोणीतरी म्हणालं.

"मयूरी साताऱ्याला घेऊन गेलीय."

हेही एका अर्थी खरं होतं. लॅपटॉप साताऱ्याला गेला होता, पण जुना. खांद्यावर घ्यायची बंदी होती म्हणून मयूरीने तो भाजीच्या चाकांच्या पिशवीत घातला होता आणि डाव्या हाताने ओढत नेला होता.

त्या संध्याकाळी ती सांगलीच्या स्टँडवर उतरत होती, आणि गावाकडची गाडी धरायला धैर्यशील पाटील तिथंच उभे होते. कंडक्टरने पिशवी खाली ठेवली तशी चाकं खाडकन वाजली.

"वहिनी, एक किलोला चाकं कशापाई लावलीत?"

"एक किलो कसला, भाऊजी?"

"लॅपटॉप की! सरांनी घेतलेला, नवा."

मयूरी घरी आली. चप्पल काढली, पाय धुतले, आणि सुमंतसमोर येऊन बसली. सुमंत उत्तरपत्रिका तपासत होता.

"आपण नवा लॅपटॉप घेतलाय म्हणे."

सुमंतची पेन्सिल थांबली. "कोण म्हणालं?"

"पाटील भाऊजी." तिचा आवाज चढला नव्हता. "मी त्यांना सांगितलं, नवा घरी ठेवलाय, प्रवासात कशाला झिजवायचा. त्यांना पटलं. म्हणाले, सरांची बायको शोभता."

"मयूरी—"

"मुलांना मी रोज शिकवते, जे आहे तेच दाखवायचं, नसलेलं दाखवायचं नाही. आणि आज मी स्टँडवर उभी राहून नसलेला लॅपटॉप दाखवला. तू खोटं का बोललास ते मला कळतंय, सुमंत. पण त्यात मला घ्यायचं का, ते मला कुणी विचारलंच नव्हतं. मी नुसती गाडीतून उतरत होते."

ती उठून आत गेली. सुमंत बराच वेळ एकाच उत्तरपत्रिकेकडे बघत बसला. शेवटी त्याने त्या मुलाला दोन गुण जास्त दिले आणि गठ्ठा बांधून ठेवला.

शनिवारी दुकान उघडायच्या आधीच तो विश्रामबागेत जाऊन उभा राहिला. सिद्धूने शटर वर केलं, नमस्कार केला, पण 'या सर' म्हटलं नाही. चहाही सांगितला नाही.

"काय काम काढलं, सर?"

"तो लॅपटॉप दे. एक शिल्लक आहे ना?"

"आता दुसरा कशाला?"

"दुसरा नाही रे. पहिलाच."

सिद्धू काउंटर पुसायला लागला. आधीच स्वच्छ असलेला काउंटर तो पुसत राहिला. "सर, पुण्यास्नं घेतलात, ठीक हाय. तिथं स्वस्त मिळतं, मला माहीत हाय. पण सहा महिनं माझ्याकडं बसून चहा पिलात. एक शब्द टाकला असता तर मी कमी केलं असतं. मी लय मनाला लावून घेतलं, सर. दोन दिवस जेवान गोड लागलं न्हाई."

"सिद्धू, मी कुठूनच घेतला नाही. मी खोटं बोललो."

"आता माझी समजूत काढायला खोटं बोलू नका."

सुमंतने तीन वेळा सांगितलं, तरी सिद्धूला पटेना. सर खोटं बोलतील हेच त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं, त्यामुळे बुधवारचं खोटं त्याला खरं वाटत होतं आणि आजचं खरं खोटं. अखेर सुमंतने स्टाफरूममधला सगळा प्रसंग सांगितला. आपले कान कसे गरम झाले तेही सांगितलं. मयूरी स्टँडवर काय बोलली ते सांगताना तो मध्येच थांबला. सिद्धूने फडकं खाली ठेवलं.

"म्हंजे मॅडम अजून त्योच जुना वडत नेत्यात?"

"हो."

सिद्धूने डोळ्यांवरून हात फिरवला आणि बाहेर तोंड काढून दोन चहा सांगितले. चहा आला, पिऊन झाला. सुमंतने खिशातून कार्ड काढून काउंटरवर ठेवलं.

सिद्धूने ते उचललं नाही. खुर्ची पुढे ओढून तो हळू आवाजात म्हणाला, "सर, आता नका घेऊ."

"काय?"

"बावीस तारखेला नवीन मॉडेल येतंय. ह्याच्यापरीस साठ ग्रॅम हलकं. बॅटरी चार तास जादा. ह्यो घेतला तर तीन आठवड्यांत तुमचा जुना हुतोय."

"होऊ दे. मला हाच दे."

"न्हाई, सर. बाकीच्यांना इकला, त्ये गिऱ्हाईक हायत. तुमचं नुकसान माझ्या हातनं हुणार न्हाई."

"अरे, नवीन काहीतरी येतच असतं. त्याची वाट बघत बसलं तर माणूस कधीच घेणार नाही!"

"पण तुमीच म्हणता की, घाईत घेतलेली वस्तू दोनदा घ्यावी लागती."

"मी चुकीचं म्हणत होतो."

"न्हाई, सर. फ्रीज पंधरा वर्षं चालला."

सुमंत पाऊण तास भांडला. सिद्धूने त्याचं प्रत्येक म्हणणं मान खाली घालून ऐकलं आणि खोका काही फळीवरून काढला नाही. शेवटी सुमंत दमून गप्प बसला, आणि तेवढ्यात एक भयंकर गोष्ट घडली. त्याला सिद्धूचं म्हणणं पटायला लागलं. साठ ग्रॅम आणि चार तास. तो उठला आणि घाईघाईने दुकानाबाहेर पडला.

घरी मयूरी गरम पाण्याची पिशवी खांद्यावर धरून बसली होती. तिने त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"तो देत नाहीये," सुमंत म्हणाला.

मयूरी हसली नाही, रागावलीही नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी दहाला ती 'आले' म्हणून बाहेर पडली आणि पाऊण तासाच्या आत परत आली. डाव्या हातात खोका होता.

"सिद्धूने दिला?" सुमंत उभाच राहिला. "त्याने बावीस तारखेचं सांगितलं नाही?"

"सांगायला लागला होता. मी म्हटलं, सिद्धू, वरच्या फळीवरचा तो खोका मला माझ्या हाताने काढता येत नाही, तूच काढून दे. त्याने काढून दिला."

सुमंत खाली बसला.

सोमवारी पहाटे त्याने तिला काही करू दिलं नाही. डबा भरला, पाण्याची बाटली भरली, नव्या लॅपटॉपची बॅग भरली आणि ती स्वतःच्या खांद्यावर घेऊन तिला स्टँडवर सोडायला गेला. खिडकीतून बॅग आत देताना तो अभिमानाने म्हणाला, "बघ, काही आहे असं वाटतसुद्धा नाही."

"खरंच रे," मयूरी म्हणाली. बॅग मांडीवर घेऊन तिने डोळे मिटले. कित्येक महिन्यांत ती प्रवासात झोपली नव्हती.

उंब्रजला गाडी थांबली तेव्हा तिने बॅग उघडली. त्यात डबा होता, बाटली होती आणि चार्जर होता.

सुमंत कॉलेजला निघायच्या तयारीत होता. फोन वाजला. तिचं ऐकून तो जेवणाच्या टेबलाकडे धावला आणि कालचं वर्तमानपत्र उचललं. बॅटरी पूर्ण भरली की नाही हे बघायला पहाटे त्याने लॅपटॉप बाहेर काढला होता. वर्तमानपत्राखाली तो इतका पातळ दिसत होता की रविवारची पुरवणीच वाटावी.

"चित्रफितीचा तास किती वाजता आहे?"

"दुपारी तीनला. राहू दे आता. मी फळ्यावर चित्रं काढते."

"कुठल्या हाताने?"

सुमंतने फोन ठेवला, धैर्यशील पाटलांना आपले तास सांभाळायला सांगितलं, लॅपटॉप शर्टाच्या आत घातला आणि स्कूटर स्टँडकडे पिटाळली. एक गाडी फलाटावरून हलत होती. कंडक्टर दारातून 'सातारा, सातारा' ओरडत होता. सुमंत धावत जाऊन चढला.

तासाभराने मयूरीचा फोन आला. "कुठवर आलास?"

सुमंतने खिडकीबाहेर पाहिलं. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा होत्या आणि पुढे बेदाण्याच्या शेडच्या रांगा दिसत होत्या.

"तासगाव," तो म्हणाला.

"साताऱ्याला तासगाववरून?"

"ही विट्यावरून वळसा घालून जाते. कंडक्टर म्हणतो अडीचपर्यंत पोचेल. मागून कराडवरून जाणारी थेट गाडी होती म्हणे." तो जरा थांबला. "ही समोर दिसली. मी विचार केला नाही."

मयूरी हसायला लागली. आधी हळू, मग मोठ्याने, आणि मग मध्येच "आई गं, खांदा!" असं ओरडून पुन्हा हसायला लागली.

"हसतेस काय?" सुमंत म्हणाला, पण त्याने फोन कानापासून काढला नाही.

"काही नाही. ये सावकाश," ती म्हणाली. "मी थांबते."